पत्र कोठें अडलें?

सदाशिव पेठेंतील गृहस्थाला घराचा पत्ता विचारला, तर तो सिटी सर्व्हे नंबर सांगत नाहीं. खुन्या मुरलीधराच्या मागें, नागनाथ पाराच्या जवळ, पेरू गेटाच्या अलीकडे, अशा खुणा सांगून तो पाहुण्यास दारापर्यंत आणितो. देवळांचीं आणि पारांचीं नांवें जिभेवर बसलेलीं असतात. आंकडे बसत नाहींत. म्युनिसिपालिटीच्या दप्तरांत मात्र नांवाला किंमत नाहीं. तेथें आंकडाच चालतो. म्हणजे नांव माणसाला हवें, आंकडा दप्तराला हवा, आणि नांवावरून आंकडा काढून देणारा कोणी तरी जाणता मध्यें असावा लागतो. घरच्या संगणकावर ई-मेल उघडतांना अथवा एखादें संकेतस्थळ पाहतांना पडद्याआड नेमका हाच व्यवहार चाललेला असतो. तो जाणता जेव्हां मौन धरतो, तेव्हां सर्व घर ‘इंटरनेट बंद पडलें’ म्हणून हवालदील होतें. आणि वस्तुतः इंटरनेट मुळींच बंद नसतें.

असा एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. जून महिन्यांतील दुपारचे दोन वाजले आहेत. घरांतील नातीला एका महाविद्यालयांत प्रवेश मिळाल्याचें पत्र ई-मेलनें यावयाचें आहे. सायंकाळीं पांचाच्या आंत तिचा होकार न गेल्यास ती जागा यादींतील पुढच्या मुलीस मिळावयाची आहे. संगणकाच्या कोपऱ्यांत वाय-फायची खूण ठीक दिसते. पण पत्रपेटी कांहीं केल्या उघडत नाहीं. ‘सर्व्हर सांपडला नाहीं’ एवढेंच वाक्य पडद्यावर पुनःपुन्हां येतें. पेटीचा पासवर्ड वर्षानुवर्षें संगणकानेंच लक्षांत ठेविलेला. घरांतील कोणालाही तो आठवत नाहीं, त्यामुळें फोनवर पेटी उघडण्याची सोय नाहीं. आजोबा राउटरचें बटण बंद करून पुन्हां चालू करितात. नात जुन्या वह्यांतून पासवर्ड शोधूं लागते. वडील संगणकच आतां बदलावा असें म्हणूं लागतात. तीन माणसें, तीन निदानें, आणि रोग कोणता तें कोणीच पाहिलेलें नाहीं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें पुण्यांत आणण्यांत आलें. तें वाटेंतील उच्छ्वासांवरून शहरांतल्या हौदांत उतरे. अशा व्यवस्थेंत हौद कोरडा पडला, तर थेट तलावाकडे धांवत सुटणें व्यर्थ. प्रथम तोटी पाहावी, मग हौद, मग नळ, आणि अखेर तलाव. ज्या टप्प्यावर पाणी सांपडेल त्याच्या अलीकडेच दोष आहे, हें निश्चित होतें. ई-मेलच्या खोळंब्यासही हीच रीत लागू पडते. येथेंही टप्पे चार आहेत: घरांतून बाहेर जाणारी वाट, नांवाचा शोध, स्वतःची पत्रपेटी, आणि पलीकडच्या माणसाचें ठिकाण. हे चार टप्पे क्रमानें पाहिले, तर बहुतेक प्रसंगीं दोष कोठें आहे तें थोड्याच वेळांत कळतें.

पहिला टप्पा वाटेचा. वाट खुली आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, तर नांव वगळून थेट आंकड्याला हांक मारावी. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक आंकडी पत्ता असतो. गूगल कंपनीनें २००९ सालीं सर्वांसाठीं खुल्या केलेल्या नेमसर्व्हरचा पत्ता ८.८.८.८ असा लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. विंडोज संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ नांवाची काळी खिडकी उघडून तींत ‘पिंग’ हा शब्द, थोडी मोकळी जागा आणि हा पत्ता इंग्रजी अक्षर-अंकांत लिहावा. १९८३ सालीं माइक मूस यांनीं हें लहानसें साधन तयार केलें. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या यंत्राचा जो ध्वनि, त्यावरून त्यांनीं तें नांव ठेविलें. ध्वनि पाठवावा आणि प्रतिध्वनीची वाट पाहावी, एवढेंच त्याचें काम. उत्तराच्या चार ओळी आल्या, तर वाट खुली आहे. उत्तर मुळींच न आलें, तर राउटर, तार किंवा सेवा पुरविणारी कंपनी यांजकडे वळावें. पासवर्डाच्या वह्या शोधण्यांत अर्थ नाहीं.

वरील घरीं हा प्रयोग केला असतां चारही उत्तरें तत्काळ आलीं. मग आंकड्याच्या जागीं एका प्रसिद्ध संकेतस्थळाचें नांव लिहून पाहिलें, तों ‘हें नांव सांपडत नाहीं’ असा जबाब मिळाला. येथें निम्मा रोग उघड झाला: वाट आहे, पण नांवावरून आंकडा मिळत नाहीं.

हें नांवांचें दप्तर म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसास पहिलें ई-मेल पाठविलें आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें ‘ॲट’ ही खूण घातली. ती अद्याप चालू आहे. त्या काळीं यंत्रें इतकीं थोडीं होतीं, कीं त्यांच्या नांवांची आणि आंकड्यांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेविलेली असे, आणि प्रत्येकानें तिची नक्कल उतरून घ्यावी असा परिपाठ होता. यंत्रें वाढलीं तशी ती एकहाती यादी अपुरी पडूं लागली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं दप्तर वांटून ठेवण्याची योजना आंखली. तिचें नांव ‘डोमेन नेम सिस्टिम’, म्हणजेच डीएनएस.

या योजनेचें तत्त्व आपल्या टपालखात्याच्या पिनकोडासारखें आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झालेल्या पिनकोडांत सदाशिव पेठेचा आंकडा ४११०३० आहे. पहिल्या ४ या अंकावरून देशाचा विभाग कळतो, ४११ वरून पुणें कळतें, आणि शेवटच्या तीन अंकांवरून टपालकचेरी कळते. मुंबईच्या टपालकारकुनाला सदाशिव पेठेंतील गल्ल्या ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पत्र पुण्याच्या थैलींत पडलें म्हणजे त्याचें काम झालें. डीएनएसमध्यें हेंच वाचन उजवीकडून डावीकडे होतें. पुणें विद्यापीठाचें इंटरनेटवरील नांव ‘युनिपुणे डॉट एसी डॉट इन’ असें आहे. संगणक तें नांव नेमसर्व्हरास विचारतो. नेमसर्व्हरास तें ठाऊक नसल्यास तो प्रथम मूळ दप्तराकडे जातो. या मूळ दप्तरांस इंग्रजीच्या ‘ए’ पासून ‘एम’ पर्यंतच्या तेरा अक्षरांचीं नांवें असून त्यांच्या प्रतिकृती मुंबईसह जगांतील अनेक शहरांत आहेत. मूळ दप्तर विद्यापीठाचा पत्ता सांगत नाहीं. ‘इन’चें दप्तर कोठें आहे तेवढेंच सांगतें. ‘इन’चें दप्तर विद्यापीठाचा नेमसर्व्हर दाखवितें; आणि तो अखेर आंकडा देतो. ही सर्व विचारपूस डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुरी होते.

मिळालेला आंकडा नेमसर्व्हर कांहीं काळ आपल्याजवळ टिपून ठेवतो, म्हणजे पुन्हां तीच पायपीट नको. किती काळ ठेवावा हें नांवाचा मालक ठरवितो. तो काळ कांहीं मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंत असूं शकतो. एखाद्या दुकानदारानें आपलें संकेतस्थळ नव्या ठिकाणीं हालविलें असतां एका घरांत नवें दुकान दिसतें आणि शेजारच्या घरांत जुनेंच, याचें कारण हें टिपण होय. संगणकही स्वतःपाशीं असें टिपण ठेवतो. तें शिळें झाल्याची शंका आल्यास विंडोजमध्यें ‘आयपीकॉन्फिग’ या शब्दापुढें तिरपी रेघ देऊन ‘फ्लशडीएनएस’ लिहिलें असतां पाटी कोरी होते. यांत हानि कसलीच नाहीं.

आतां देवनागरी नांवांविषयीं. २०१४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ‘डॉट भारत’ हें देवनागरी डोमेन चालू झालें आणि मराठींतही संकेतस्थळाचें नांव घेतां येऊं लागलें. परंतु डीएनएसचा मूळ व्यवहार इंग्रजी अक्षर-अंकांतच चालत असल्यामुळें मराठी नांवाचें आंतल्या आंत एका सांकेतिक इंग्रजी लिपींत रूपांतर होतें. त्या संकेतास ‘पुनीकोड’ म्हणतात. त्याचा पुण्याशीं कांहीं संबंध नाहीं. तेव्हां मराठी नांवाऐवजीं ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनीं आरंभ होणारें चमत्कारिक नांव पडद्यावर दिसलें, तर तेवढ्यावरून घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

नांवाचा शोध फसतो तो दोन रीतींनीं, आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. एक जबाब असा: ‘असें नांवच अस्तित्वांत नाहीं.’ येथें नेमसर्व्हर जागा आहे, त्यानें शोध घेतला आहे. बहुधा लिहिणाऱ्याचें एखादें अक्षर चुकलें आहे, किंवा त्या नांवाची वार्षिक फी न भरल्यामुळें तें दप्तरांतून निघालें आहे. दुसरा प्रकार म्हणजे जबाबच न येणें, अथवा ‘शोध घेतां आला नाहीं’ असें उत्तर येणें. एकाच नांवाबाबत तसें झालें, तर दोष त्या नांवाच्या दप्तराकडे. सर्वच नांवांबाबत झालें, तर विचारणा ज्या नेमसर्व्हराकडे जाते तोच आजारी आहे.

पहिल्या जातीच्या दुखण्याचें मोठें उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं रात्रीं नवाच्या सुमारास फेसबुक आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडलें, तें सुमारें सहा तास. त्या कंपनीकडे जाणारे मार्गच तिच्या हातून चुकीनें पुसले गेले, त्यांत तिचे नेमसर्व्हरही जगाला दिसेनासे झाले, आणि नांवाला उत्तर देणारा कोणी उरला नाहीं. त्या रात्रीं ज्यांनीं आपला राउटर दहा वेळां बंद-चालू केला, त्यांचे श्रम वायां गेले. कारण इतर नांवें सुरळीत उघडत होतीं. एकच दार बंद असेल, तर आपल्या घराच्या किल्ल्या बदलूं नयेत.

दोष आपल्या संगणकांत कीं राउटरच्या पलीकडे, याचा निवाडा फोनच्या साह्यानें होतो. फोन त्याच वाय-फायवर ठेवून दोन-चार संकेतस्थळें उघडून पाहावीं. फोनवर उघडलीं आणि संगणकावर नाहीं, तर दोष संगणकांत. मग व्हीपीएन अथवा विषाणुरोधक प्रोग्रॅम आड येत आहे काय, आणि संगणकांतील ‘होस्ट्स’ नांवाच्या फाइलींत कोणी परकीं नांवें घुसविलीं आहेत काय, हें पाहावें. स्टॅनफर्डच्या त्या जुन्या यादीचा वंशज म्हणजे ही फाइल. संगणक अद्यापि तिच्या शब्दावर आधीं विश्वास ठेवतो. आणखी एक चकवा ध्यानांत असावा. कांहीं ब्राउझर नांवें विचारण्यासाठीं स्वतःची स्वतंत्र वाट वापरतात. त्यामुळें ब्राउझर उत्तम चालतो आणि ई-मेलचा प्रोग्रॅम तेवढा अडतो, असेंही घडतें.

आपल्या प्रसंगांतील घरीं फोनही वाय-फायवर तसाच अडला, आणि फोनच्या स्वतःच्या डेटावर मात्र सुरळीत चालला. याचा अर्थ संगणक निर्दोष होता. सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा नेमसर्व्हर उत्तर देत नव्हता. खात्री करून घेण्यासाठीं ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढें हवें तें नांव आणि त्यानंतर ८.८.८.८ हा पत्ता लिहिला, म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या जाणत्यास विचारला जातो. तेथून उत्तर आलें. मग संगणकाच्या नेटवर्क-व्यवस्थेंत ‘डीएनएस आपोआप घ्यावा’ ही निवड काढून तेथें तो पत्ता लिहिला, आणि जोडीला १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअर कंपनीनें २०१८ सालीं खुला केलेला पत्ता दिला. अडीच वाजतां पेटी उघडली. महाविद्यालयाचें पत्र सकाळीं अकरापासून तेथें येऊन पडलें होतें.

येथें एक दिलासा देण्यासारखा आहे. पत्रपेटी आपल्या संगणकांत नसते. ती दूरच्या सर्व्हरवर असते. घरची वाट बंद असतांना आलेलें पत्र हरवत नाहीं. इतकेंच काय, पत्र घेणारा सर्व्हरच कांहीं काळ बंद असला, तरी पाठविणारा सर्व्हर सामान्यतः चार-पांच दिवस पुनःपुन्हां खेपा घालतो, असा संकेत आहे.

नेमसर्व्हराचा पत्ता बदलण्याची ही विद्या चोरांसही अवगत आहे. ‘डीएनएस-चेंजर’ नांवाच्या एका घातक प्रोग्रॅमनें जगांतील चाळीस लाखांवर संगणकांचा नेमसर्व्हर गुपचूप बदलून आपल्या टोळीच्या सर्व्हराकडे वळविला होता. अमेरिकेच्या तपासखात्यानें २०११ च्या नोव्हेंबरांत ती टोळी उघडकीस आणली. तिच्या सर्व्हरांच्या जागीं ठेविलेले तात्पुरते नेमसर्व्हर ९ जुलै २०१२ रोजीं बंद करण्यांत आले, तेव्हां ज्यांचे संगणक तोंवर दुरुस्त झाले नव्हते, त्यांस एकाएकीं कोणतेंच नांव सांपडेना. म्हणून आपण स्वतः न लिहिलेला पत्ता त्या जागीं आढळला, तर तो टिपून ठेवावा आणि जाणकारास दाखवावा. फोन करून ‘तुमचा डीएनएस बिघडला आहे, आम्ही दुरुस्त करितों’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसास संगणकाचा ताबा किंवा फोनवर आलेला गुप्त आंकडा कदापि देऊं नये.

तिसरा टप्पा पेटीचा. नांवें सांपडतात, संकेतस्थळें उघडतात, पण ई-मेल येत नाहीं, अशा वेळीं प्रथम संगणकाच्या घड्याळाकडे पाहावें. जुन्या संगणकांत एक रुपयाएवढा चपटा सेल असतो. तो संपला म्हणजे वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि दहा-पंधरा वर्षें मागें जातो. सुरक्षित संभाषणांत प्रत्येक सर्व्हर आपलें ओळखपत्र दाखवितो, आणि त्या ओळखपत्रावर मुदत असते. संगणकाचें पंचांगच चुकलें, तर त्याला प्रत्येक ओळखपत्र खोटें वाटतें. एवढ्याशा सेलापायीं अनेक संगणक निष्कारण दुरुस्तीस जातात.

त्यानंतर येणारीं आणि जाणारीं पत्रें वेगवेगळीं तपासावीं. दोहोंचीं दारें निराळीं असतात: पत्रें आणण्याचें दार बहुधा ९९३, पाठविण्याचें ५८७ किंवा ४६५. जुन्या व्यवस्थेंत पाठविण्यासाठीं २५ हें दार लिहिलेलें असे. जाहिरातखोरांच्या उपद्रवामुळें घरगुती जोडणीवर तें पुष्कळ ठिकाणीं बंद करण्यांत आलें आहे. म्हणून पत्रें येतात पण जात नाहींत, असें झाल्यास हा आंकडा पाहावा. ३० मे २०२२ पासून गूगलनें केवळ नांव आणि पासवर्ड देऊन पेटी उघडणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांस मज्जाव केला. तेव्हां वर्षानुवर्षें चाललेला प्रोग्रॅम पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला, तर दोष स्मरणशक्तीचा नसून प्रोग्रॅमच्या वयाचा असूं शकतो. पेटी भरून वाहूं लागल्यासही नवीं पत्रें येणें थांबतें; लग्नाच्या छायाचित्रांनीं भरलेल्या पेट्या घरोघरीं आहेत.

चौथा टप्पा पलीकडच्या ठिकाणाचा. नातीनें होकाराचें पत्र पाठविलें, आणि दोन मिनिटांत एक इंग्रजी पत्र परत आलें. घरांतील मंडळी तें पाहून पुन्हां राउटरकडे वळलीं; वास्तविक तें पत्र वाचावयास हवें होतें. परत आलेलें पत्र म्हणजे टपालवाल्यानें पाकिटावर मारलेला शेरा होय. त्यांतील तीन अंकी आंकडा ४ नें सुरू होत असेल, तर अडचण तात्पुरती, सर्व्हर पुन्हां खेप घालील. तो ५ नें सुरू होत असेल, तर नकार कायमचा; ५५० हा आंकडा बहुधा ‘या नांवाची पेटी येथें नाहीं’ असें सांगतो. या घरीं आलेल्या शेऱ्यांत ‘डोमेन सांपडलें नाहीं’ असें लिहिलें होतें. पत्ता ताडून पाहतां चूक दिसली. महाविद्यालयाच्या पत्त्याच्या शेवटीं ‘एसी डॉट इन’ होतें. घाईंत ‘सीओ डॉट इन’ लिहिलें गेलें. पहिली शेपटी शैक्षणिक संस्थांची, तिची नोंदणी ‘अर्नेट इंडिया’ ही संस्था करिते. दुसरी मुख्यतः व्यापाऱ्यांची. एका अक्षरानें पत्र कॉलेजाऐवजीं बाजाराच्या रस्त्याला लागलें, आणि तेथें त्या नांवाचें दुकानच नव्हतें.

ज्यांनीं आपल्या व्यवसायासाठीं स्वतःचें डोमेन घेतलें आहे, त्यांनीं येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संकेतस्थळ कोठें आहे आणि पत्रें कोठें घ्यावयाचीं, या नोंदी दप्तरांत वेगळ्या असतात. पत्रांच्या नोंदीस ‘एमएक्स’ म्हणतात. संकेतस्थळ नव्या ठिकाणीं हालवितांना ही नोंद चुकली, तर दुकानाची पाटी झळकत राहते आणि गिऱ्हाइकांचीं पत्रें मात्र परत जातात.

सवा चार वाजतां दुरुस्त पत्त्यावर होकार गेला, आणि पांचाच्या आधीं महाविद्यालयाची पोंच आली. दोष दोन होते: पहिला नेमसर्व्हराचा, दुसरा हाताचा. आजोबांचा राउटर, वडिलांचा संगणक आणि नातीचा पासवर्ड हीं तिन्ही निर्दोष ठरलीं. घटका दोन घटकांची धांवपळ वाढली ती एकाच वेळीं तीन गोष्टी बदलूं पाहिल्यामुळें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा, तो न दिसल्यास ती पूर्ववत् करून मगच पुढें जावें.

वेळ फारच थोडा असेल, तर संगणक फोनच्या डेटावर जोडून आधीं पत्र पाठवावें आणि रोगनिदान मागाहून करावें. घरास आग लागली असतां विहिरीची खोली मोजीत बसूं नये. शिवाय प्रत्येक घरीं एक कागदाची वही असावी. तींत सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा दूरध्वनि, पेटीच्या दारांचे आंकडे, आपण बदललेली प्रत्येक नोंद आणि तिची तारीख लिहावी. पासवर्ड निराळ्या कागदावर लिहून तो कपाटांत कुलुपांत ठेवावा. त्या सायंकाळीं नातीनें अशी वही घातली, आणि पहिल्या पानावर आजोबांनीं आपल्या वळणदार अक्षरांत महाविद्यालयाचा पूर्ण पत्ता उतरविला, शेवटच्या ‘एसी’ खालीं दोन रेघा ओढून.